हाडाशी करार

दात पडणे ही गोष्ट केस पिकण्याइतकीच स्वाभाविक मानणारी एक पिढी मुंबईच्या उपनगरांत अगदी अलीकडेपर्यंत नांदत होती. पन्नाशी उलटली की एखादी दाढ किडावी, लवंगेच्या तेलाचा बोळा धरून काही दिवस तिची समजूत घालावी, अखेर ती काढून टाकावी, मग तिच्या शेजारणीची पाळी यावी, आणि साठी-पासष्टीच्या सुमारास गालफडे आत जाऊन, भाकरी दुधात कुस्करून खाण्याची सवय लागून, दंतवैद्याने करून दिलेली कवळी रात्री पाण्याच्या वाटीत ठेवण्याचा परिपाठ घरात सुरू व्हावा, हा क्रम इतका सार्वत्रिक होता की त्याबद्दल तक्रार करावी असे क्वचितच कोणाच्या मनात येई. आज अंधेरीच्या जयप्रकाश रस्त्याने, बोरिवलीच्या चंदावरकर रस्त्याने, मुलुंडच्या पाचरस्त्यावरून किंवा घाटकोपरच्या महात्मा गांधी रस्त्याने जाणाऱ्यास दातांच्या दवाखान्यांच्या ज्या पाट्या दिसतात, त्यांवर ‘रूट कॅनॉल’च्या जोडीला ‘इम्प्लांट’ हा शब्द बहुधा असतोच. आणि ज्या घरांत वडिलांनी कवळीवर समाधान मानले, त्याच घरांत मुलगा ‘फिक्स दात’ बसवावेत की बसवू नयेत याचा हिशेब मांडीत बसलेला असतो. हा हिशेब केवळ पैशांचा नाही. तो शरीराचा आहे, काळाचा आहे, आणि काही अंशी विश्वासाचाही आहे. यास्तव त्याची सविस्तर रुजवात घालणे अगत्याचे वाटते.

गेलेल्या दाताचे दुःख आपण दाताच्या जागी शोधतो. वस्तुतः नुकसान होते ते हाडाचे. जबड्याचे जे हाड दाताच्या मुळाभोवती असते, त्याचे अस्तित्वच दातासाठी असते. चावण्याचा भार मुळावाटे त्याला पोहोचत राहतो तोवर ते टिकते, आणि दात गेला की शरीर त्याचा संकोच करू लागते. दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होते, आणि या घटीचा बहुतांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच उरकतो, असे मोजमापांनी सिद्ध झालेले आहे. शिवाय रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात त्या जागेकडे कलू लागतात, समोरच्या जबड्यातील जोडीदार दात आधार गेल्यामुळे हळूहळू बाहेर येऊ लागतो, कलत्या दातांच्या फटींत अन्न अडकते, ते कुजते, आणि मग ज्या दातांचा काही अपराध नव्हता तेही किडतात. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ बहुतेकदा सर्वांत आधी जाते, कारण ती दुधाचाच दात आहे या समजुतीने आईबाप तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. एका दाढेने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने हा सारा व्यवहार ध्यानात घ्यावा.

हे रिकामेपण भरून काढण्याचे जुने मार्ग दोन. पहिला काढघाल करण्याच्या दातांचा, म्हणजे अर्ध्या वा पूर्ण कवळीचा. दुसरा ब्रिजचा, ज्यात रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करावयाचे आणि तीन दातांची एकसंध जोडणी त्यांच्यावर चढवावयाची. ब्रिजने उत्तम काम दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि शेजारच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल तर तोच मार्ग शहाणपणाचा ठरतो. तथापि दोन निरोगी दात तिसऱ्याच्या जागेसाठी खर्ची घालणे हे मनाला पटण्यासारखे नाही, आणि गेलेल्या दाताखालचे हाड झिजणे त्याने थांबत नाही ते नाहीच.

तेव्हा मूळच नव्याने रोवता येईल काय, हा प्रश्न मनुष्यास फार पूर्वीपासून पडलेला दिसतो. अठराव्या शतकात लंडनचे विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी मानवी दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला होता, आणि त्यांच्या काळात गरिबांचे दात विकत घेऊन श्रीमंतांच्या जबड्यात बसवण्याचा एक अमानुष प्रघातही तेथे पडला होता; ते दात टिकत नसत आणि एकाचे रोग दुसऱ्याला जडत. आपल्याकडे सुश्रुताने मुखरोगांची गणना पासष्ट केली, दंतमुळांचे विकार निराळे सांगितले, हलणाऱ्या दाताची चिकित्सा सांगितली. परंतु गेलेला दात परत आणण्याची विद्या कोणत्याच संस्कृतीला भरवशाने साधली नव्हती. सोने, प्लॅटिनम, हस्तिदंत, चिनी माती, जे जे म्हणून हाडात रोवले गेले, ते ते शरीराने परके ठरवून बाहेर लोटले. १९३८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे आल्विन स्ट्रॉक यांनी व्हायटॅलियम नावाच्या मिश्रधातूचा स्क्रू वापरून काही यश मिळवले. पण हाडाने धातूला आपलेसे का करावे आणि केव्हा करावे, हे कोडे सुटायचे राहिलेच होते.

ते सुटले एका वेगळ्याच शोधाच्या ओघात, आणि ते सोडवणारे संशोधक दंतवैद्यही नव्हते. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास लुंडच्या विद्यापीठात हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक नळीवजा खिडकी बसवावयाची आणि सूक्ष्मदर्शकातून जिवंत हाडातला रक्तप्रवाह पाहावयाचा, असा त्यांचा प्रयोग होता. काम आटोपल्यावर ती महागडी खिडकी काढून पुढच्या प्रयोगास वापरावी म्हणून ते गेले, तो ती निघेना. हाड तिच्या कडांशी इतके एकजीव झाले होते की ते फोडल्याखेरीज धातू सुटणे अशक्य झाले. दुसऱ्या एखाद्याने वैतागून दुसरा धातू घेतला असता. ब्रोनेमार्क यांनी मात्र जे घडले ते नीट न्याहाळले, पुढील कित्येक वर्षे प्राण्यांवर प्रयोग केले, स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या दंडांतही टायटॅनियमच्या तशा खिडक्या बसवून शरीर त्यांना विरोध करीत नाही याची खात्री करून घेतली, आणि १९६५ साली गॉथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या चौतिशीतल्या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू रोवले. लार्सन यांना जन्मतःच जबड्याची व्यंगे होती, खालच्या जबड्यात दात नव्हते. चावणे आणि बोलणे दोन्ही त्यांना दुरापास्त होते. ते २००६ साली निधन पावले तेव्हा, म्हणजे चाळीस वर्षांनंतरही, त्यांचे ते दात काम देत होते.

इतके झाल्यावर जगाने ब्रोनेमार्क यांना डोक्यावर घेतले असेल असे वाटेल. पण तसे झाले नाही. हाडात धातू रोवणारा हा शरीररचनाशास्त्रज्ञ दंतवैद्यकाच्या इलाख्यात बेकायदा शिरला आहे, अशीच स्वीडनमधील कित्येक दंतवैद्यांची भावना होती, आणि पूर्वीच्या अपयशांचा इतिहास पाहता तिला अगदीच आधार नव्हता असेही नाही. ब्रोनेमार्क यांनी याला उत्तर दिले ते रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींनी. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरवलेल्या परिषदेत सुमारे दीड दशकाचे हे दफ्तर उत्तर अमेरिकेतील प्राध्यापकांपुढे ठेवण्यात आले, आणि तेथून पुढे ही विद्या जगभर पसरली. या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यातील धीर. सशापासून माणसापर्यंत तेरा वर्षे, आणि पहिल्या माणसापासून जगाच्या मान्यतेपर्यंत आणखी सतरा. आज जो उपचार ‘तीन दिवसांत नवे दात’ अशा जाहिरातींनी पुकारला जातो, त्याच्या पायाशी ही तीस वर्षांची प्रतीक्षा आहे.

टायटॅनियमच का, हेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला १७९१ साली एका ओढ्याच्या काळ्या रेतीत या मूलद्रव्याचा मागमूस लागला. त्या रेतीत जे खनिज होते ते इल्मेनाइट, आणि तेच इल्मेनाइट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूतही आहे. ज्या कोकणातून उपनगरांतील कित्येक कुटुंबे मुंबईस आली, त्याच कोकणच्या समुद्रतटावर हा धातू खनिजरूपाने पसरलेला आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. शुद्ध स्वरूपात तो मिळवणे अत्यंत कठीण असल्याने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो व्यवहारात दुर्मिळच होता. त्याचा विशेष असा की हवेचा स्पर्श होताक्षणीच त्याच्यावर स्वतःच्याच प्राणिदाचा, म्हणजे ऑक्साइडचा, एक अतिसूक्ष्म थर चढतो. तो थर गंजत नाही, रक्तात झिरपत नाही, आणि हाडाच्या पेशी त्याच्यावर निर्वेधपणे वाढू शकतात. लोहचुंबकाने तो ओढला जात नाही, म्हणून टायटॅनियमचा इम्प्लांट असलेल्या माणसाला पुढे एमआरआय तपासणीची वेळ आली तरी सामान्यतः अडचण पडत नाही. मात्र तपासणी करणाऱ्यास त्याची माहिती द्यावी.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, व्यासाने बहुधा साडेतीन ते पाच मिलिमीटर आणि लांबीने आठ ते तेरा मिलिमीटर; तो हाडात जातो. त्यावर एक जोडखांब येतो, ज्याला दवाखान्यात अॅबटमेंट म्हणतात, आणि त्यावर झिर्कोनियाची किंवा चिनी मातीची कॅप बसते, जी आपल्याला दात म्हणून दिसते. हे तीन भाग सुटे आहेत, हे रुग्णाने समजून घेतलेले बरे; कॅप फुटली तर स्क्रू गेला असे होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी साध्या क्ष-किरण चित्रावर न थांबता सीबीसीटी नावाचे त्रिमितीय चित्र घ्यावे लागते, कारण खालच्या जबड्याच्या पोटातून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी एक मज्जातंतूची वाहिनी जाते आणि वरच्या दाढांच्या माथ्यावर वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी असते. खाली त्या वाहिनीपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखले नाही तर ओठ बधिर होण्याचा, क्वचित कायमचा बधिर होण्याचा, धोका संभवतो. वर हाड अपुरे असेल तर त्या पोकळीचा तळ उचलून तेथे हाड भरावे लागते आणि काही महिने थांबावे लागते. हे चित्र न काढता जो जबड्याला भोक पाडावयास निघेल, त्याच्या खुर्चीत बसू नये.

शस्त्रक्रिया हिरडीत भूल देऊन होते आणि एका दाताचे काम असेल तर बहुतेकांना दाढ काढण्याहून ती कमी क्लेशकारक वाटते. तिच्यातली खरी सावधगिरी रुग्णाला दिसत नाही: हाडाला भोक पाडताना यंत्र सावकाश फिरवावयाचे आणि मिठाच्या निर्जंतुक पाण्याची धार सतत सोडावयाची, कारण हाडाचे तपमान मिनिटभर जरी ४७ अंश सेल्सियसच्या वर गेले तरी त्या ठिकाणच्या पेशी मरतात, आणि मेलेले हाड धातूला धरीत नाही. त्यानंतर येते ती मुदत. ब्रोनेमार्क यांनी खालच्या जबड्यासाठी सुमारे तीन महिने आणि वरच्या, अधिक सच्छिद्र, जबड्यासाठी सहा महिने स्क्रू निवांत ठेवण्याचा नियम घालून दिला होता. आताच्या स्क्रूंचे पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेले असल्याने ही मुदत बरीच घटली आहे. काही रुग्णांत, हाड दाट असेल आणि स्क्रू पक्का बसला असेल तर, त्याच दिवशी तात्पुरते दातही चढवता येतात, आणि पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी संपूर्ण जबड्याचे दात चार इम्प्लांटांवर पेलण्याची जी पद्धत रूढ केली तिचा पाया हाच आहे. पण हा निर्णय हाड पाहून करावयाचा असतो, लग्नाची तारीख किंवा परदेशी परतण्याच्या विमानाचे तिकीट पाहून नव्हे. सुट्टीत माहेरी आलेल्या परदेशस्थ मुली-मुलांना तीन आठवड्यांत सर्व उरकून हवे असते, आणि उपनगरांतील दवाखान्यांवर त्या घाईचे दडपण येते. हाडाला मात्र रजेची मुदत कळत नाही.

नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांतला एक भेद या ठिकाणी सांगितलाच पाहिजे, कारण पुढील सगळी निगा त्यावर अवलंबून आहे. आपला दात हाडात चिणलेला नसतो. सुतळीच्या बाजेवर देह पेलावा तसा तो असंख्य सूक्ष्म तंतूंवर तोललेला असतो, आणि भातात खडा आला तर जबडा क्षणार्धात थांबतो तो या तंतूंनी दिलेल्या इशाऱ्यामुळे. इम्प्लांट हाडाशी थेट जडलेला असल्याने त्याला हे तंतू नाहीत. त्यामुळे त्याला भाराची जाण कमी असते. कडबोळे, सुपारी किंवा हाडाचा तुकडा त्याने फोडू पाहिल्यास तक्रार करण्याऐवजी तो मुकाट्याने सोसतो आणि एके दिवशी त्याची कॅप फुटते किंवा आतला बारीक स्क्रू सैल होतो. तंतू नसल्याने हिरडीची पकडही तितकी घट्ट नसते, जंतूंना खाली उतरण्यास वाट मिळते, आणि हाड हळूहळू, बहुधा वेदनेवाचून, खाल्ले जाते. या विकाराला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि वर्षानुवर्षे बसलेले इम्प्लांट ज्या कारणांनी जातात त्यांत तो प्रमुख आहे. म्हणूनच रोज रात्री दातांमधल्या फटींसाठीचा बारीक ब्रश फिरवणे आणि दर सहा महिन्यांनी तपासून घेणे हे या उपचाराचे अंगच आहे. एवढी निगा राखली तर दहा वर्षांनंतर शंभरांतील नव्वदांहून कितीतरी अधिक इम्प्लांट जागेवर असतात, असे निरनिराळ्या देशांतील दीर्घ अभ्यास सांगतात. शरीरात बसवल्या जाणाऱ्या कोणत्याही कृत्रिम वस्तूच्या बाबतीत हा लौकिक लहान नव्हे.

हा लौकिक मात्र सर्वांना सारखा लागू होत नाही, आणि आपल्या भागात तर याबाबत विशेष स्पष्ट बोलणे जरूर आहे. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या कित्येक वृद्ध स्त्रियांना मशेरी लावण्याची सवय लहानपणापासून लागलेली असते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्यांवर घासता घासता हिरड्या मागे सरतात, मुळे उघडी पडतात, आणि ती स्त्री दात घट्ट राहावेत म्हणून पुन्हा मशेरीच लावते. तरुणांत हेच काम गुटख्याने केले. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी रेल्वे फलाटांच्या खांबांवरील लाल डाग पाहता तिचा अंमल किती झाला ते प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावे. सुपारी सतत चघळल्याने तोंडाच्या आतील मऊ त्वचा ताठर, पांढुरकी होत जाते, तिखट सोसवत नाही, आणि तोंड उघडणे कमी कमी होत अखेर तीन बोटे उभी आत जाणेही मुश्किल होते. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत शस्त्र पोहोचतच नाही. आणि याहून गंभीर म्हणजे ही अवस्था कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते, तेव्हा नव्या दाताचा विचार बाजूला ठेवून प्रथम तिचीच तपासणी करून घ्यावी. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जबड्याच्या कर्करोगाने ग्रासलेले जे रुग्ण येतात, त्यांतील कित्येकांचा रोग तंबाखू-सुपारीच्या पुडीतूनच उगवलेला असतो. जबडा कापावा लागल्यास पायाच्या नडगीलगतचे बारीक हाड घेऊन नवा जबडा घडवता येतो, आणि योग्य रुग्णांत त्या हाडात इम्प्लांट रोवून पुन्हा चावण्याची शक्तीही देता येते. ज्या विद्येचा आरंभ लार्सन यांच्या व्यंग जबड्यापासून झाला, तिचा सर्वांत उदात्त उपयोग मला हाच वाटतो.

मधुमेह हा उपनगरी जीवनाचा दुसरा सोबती. तो ताब्यात असेल तर इम्प्लांटास आडकाठी नाही. तो बेबंद असेल तर जखम भरत नाही, हिरडी सुजते, हाड धातूला धरीत नाही. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी करून ती आटोक्यात आणावी. हाडे ठिसूळ होण्यावरची काही औषधे, विशेषतः वर्षातून एकदा शिरेतून दिली जाणारी, जबड्याच्या हाडाला क्वचित अपाय करतात. ती घेत असल्यास दंतवैद्याला आवर्जून सांगावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि ज्यांची वाढ पुरी झालेली नाही अशा मुलांच्या जबड्यात इम्प्लांट रोवू नये, कारण जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर सरकतात, आणि धातू मात्र जेथल्या तेथे राहून खोल गेल्यासारखा दिसू लागतो. वार्धक्य हे स्वतःहून कारण नव्हे. सत्तरीतल्या निरोगी माणसाचे हाड चाळिशीतल्या तंबाखूभक्ताहून बरे असते. वरची दाढ काढली की डोळ्यांची नजर जाते, ही जी समजूत अजूनही कानावर येते, तिला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही.

राहिला खर्च आणि त्याबरोबरचे कागदपत्र. उपनगरांत एका दाताच्या इम्प्लांटाला, कॅपसह, साधारणतः पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत, आणि परदेशी बनावट असेल किंवा हाड भरावे लागणार असेल तर त्याहूनही अधिक रुपये पडतात. सर्वसाधारण आरोग्य विम्यात अपघाताखेरीज दंतोपचार समाविष्ट नसतात. तेव्हा कुटुंबाच्या बचतीतून जाणाऱ्या या रकमेचा तपशील लेखी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो मागण्यात कसलाही अविश्वास नाही. दराच्या पत्रकात स्क्रू, जोडखांब, कॅप, हाड भरण्याचे काम आणि पुढील तपासण्या यांचे आकडे निरनिराळे असावेत. बसवलेल्या स्क्रूच्या डबीवर बनावट, आकार आणि गट क्रमांक छापलेले एक चिठ्ठीवजा लेबल असते. त्याची प्रत आपल्या दप्तरी ठेवावी, कारण दहा वर्षांनी अॅबटमेंटचा बारीक स्क्रू बदलण्याची वेळ आली आणि मूळ दवाखाना उठून गेला असला, तर नव्या दंतवैद्याला नेमके अवजार शोधण्यास तेवढाच दाखला उपयोगी पडतो. डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे आहे ना, आणि शस्त्रक्रिया स्वतः तेच करणार की बाहेरून येणारे तज्ज्ञ, हेही आधी विचारावे. बाहेरचे तज्ज्ञ येणे यात गैर काही नाही. पण गुंतागुंत झाल्यास जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले असावे.

संमतिपत्रावर घाईने सही करण्याची आपली सवयही सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली आणली, आणि २००८ साली आणखी एका निकालात असे स्पष्ट केले की रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय कळतील अशा रीतीने सांगून मिळवलेली संमती हीच खरी संमती होय. वाद विकोपास गेल्यास उपनगरवासीयाला बांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगापुढे आपली कैफियत मांडता येते. तेथवर जाण्याची पाळी येऊ नये, यासाठी सर्वांत चांगला बंदोबस्त म्हणजे आरंभीच मोकळेपणाने विचारलेले प्रश्न आणि सबुरीने दिलेली उत्तरे. आणि अशी उत्तरे देणारे दंतवैद्य आपल्या गल्लीबोळांत पुष्कळ आहेत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर इम्प्लांट हा अखेरचा उपाय आहे. जो दात रूट कॅनॉल आणि कॅप यांनी वाचण्यासारखा आहे, तो केवळ नवा मजबूत दात मिळेल या मोहाने काढू देऊ नये. सजीव तंतूंवर तोललेल्या दुबळ्या दाताची सर धातूच्या बलाढ्य दाताला येत नाही. तो वाचत नसेल, आणि हाड, प्रकृती व ऐपत यांची अनुकूलता असेल, तर मग इम्प्लांटाइतका चांगला पर्याय आज उपलब्ध नाही, आणि मग तो उगाच वर्षानुवर्षे लांबणीवरही टाकू नये. ऐपत नसेल तर नीट बनवलेली कवळी वापरण्यात यत्किंचितही कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आणि याच ऐपतीच्या प्रश्नापाशी एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. वरची कवळी टाळूला चिकटून राहते, पण खालची कवळी जिभेच्या हालचालीने सतत सुटते. हाड झिजलेल्या वृद्धांना तर ती जेवताना काढूनच ठेवावी लागते. यावर उपाय फार मोठा नाही. खालच्या जबड्यात पुढे केवळ दोन इम्प्लांट रोवून कवळीला आतून दोन बटणे लावली की ती जागच्या जागी राहते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी सामान्यतः प्रथम हाच उपचार द्यावा, अशी एकमुखाने शिफारस केली. मुंबईत दंतवैद्यकाचे शिक्षण आणि स्वस्त उपचार देणारी नायरसारखी संस्था १९३३ पासून आहे. पण ती मुंबई सेंट्रलला, आणि मुलुंड किंवा बोरिवलीच्या पंचाहत्तरीतल्या आजींना अनेक फेऱ्यांसाठी गर्दीच्या गाडीने तेथे जाणे किती अवघड आहे, हे त्या प्रवासाची सवय असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, बोरिवलीचे भगवती आणि मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची रुग्णालये उपनगरांत पाय रोवून उभी आहेत. दोन इम्प्लांट आणि एक कवळी, एवढा उपचार या चारही ठिकाणी माफक दरात आणि नियमित मिळावा, त्यासाठी तज्ज्ञांची नेमणूक आणि सामानाची तरतूद महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकात करावी, आणि प्रभागातील नगरसेवकाकडे हा आग्रह त्या त्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघांनी लेखी अर्जाद्वारे धरावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.